पाचशे रुपयांची पावती

आमच्या गावच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक आहे. तिच्यात जमिनीचे कागद आहेत, आजीच्या पाटल्या मोडल्या तेव्हाची सोनाराची चिठ्ठी आहे, माझी दहावीची गुणपत्रिका आहे आणि सगळ्यांच्या तळाशी प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पाचशे रुपयांची एक पावती आहे. साल १९९६. लोकसभेच्या उमेदवारानं भरलेल्या अनामत रकमेची पावती. उमेदवार म्हणजे माझे वडील. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो.

अण्णांनी त्याआधी कधी ग्रामपंचायतीचीसुद्धा निवडणूक लढवली नव्हती. बेळगावहून वेंगुर्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या बाजूला आमचं गाव. भाताची थोडी जमीन, दोन म्हशी. बेळगाव आणि आसपासचा मराठी भाग महाराष्ट्रात जावा म्हणून लढणाऱ्या महाराष्ट्र एकीकरण समितीनं त्या वर्षी ठरवलं, की बेळगाव लोकसभेला शेकड्यांनी उमेदवार उभे करायचे. मतपत्रिका इतकी मोठी व्हायला हवी, की इथं काय चाललंय ते देशाला विचारावंच लागेल. गावोगावची माणसं अर्ज भरायला गेली. अण्णांनी दुधाच्या बिलातले पाचशे रुपये काढले. मी तेव्हा नववीत होते. आई चुलीपुढून म्हणाली, "तेवढ्यात पोरीची पुस्तकं आली असती." अण्णा म्हणाले, "आसूदे गं. दिल्लीत एकदा तरी कोणतरी आमचं नाव वाचील."

शेवटी रिंगणात ४५६ उमेदवार राहिले. एकट्या बेळगाव मतदारसंघात. अर्थातच अण्णांची अनामत जप्त झाली. पण ती पावती त्यांनी टाकली नाही, आणि मला आता पन्नाशीकडे झुकताना त्या कागदाबद्दल जे वाटतं ते लिहून ठेवावंसं वाटतं आहे.

बाहेरच्या वाचकासाठी आधी थोडं मागचं सांगते. १९४६ च्या मे महिन्यात बेळगावात साहित्य संमेलन भरलं होतं, ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष. संयुक्त महाराष्ट्राचा ठराव त्या संमेलनात झाला. म्हणजे ज्या गावात ही मागणी जाहीरपणे उच्चारली गेली, तेच गाव पुढे त्या राज्याबाहेर राहिलं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार, बिदर, भालकी हा सगळा पट्टा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. चंदगड तालुका तोवर बेळगाव जिल्ह्यातच होता, तो तेवढा उचलून मुंबई राज्यात, कोल्हापूर जिल्ह्यात घातला. माझ्या आईचं माहेर चंदगड तालुक्यातलं. शिनोळीची हद्द ओलांडली की मामाच्या जमिनीचा सातबारा मराठीत येतो. अलीकडे आमच्या जमिनीचा उतारा कन्नडमध्ये. दोन्हीकडचं भात तेच, बोलणं तेच, लग्नं एकमेकांत. लहानपणी मला सीमाप्रश्न समजला तो एवढाच: मामाला स्वतःच्या जमिनीचा कागद वाचता येतो, अण्णांना येत नाही.

१९५६ साली अण्णा नऊ वर्षांचे होते. साराबंदीच्या काळात आजोबांनी शेतसारा भरला नाही म्हणून घरातली तांब्याची घागर जप्त होऊन गेली, हे त्यांनी उंबऱ्यात उभं राहून पाहिलंय. ती घागर परत आली नाही. आजी पुढे कैक वर्षं मातीच्या घागरीनं पाणी भरत राहिली आणि पाणी भरताना कधी त्याचा उल्लेख केला नाही, असं अण्णा सांगतात. अशा घरात कुणाला मत द्यायचं हा प्रश्न निघतच नाही. आमच्याकडे 'पक्ष' हा शब्दसुद्धा समितीला कुणी लावत नसे. पक्ष म्हणजे ते दुसरे, 'राष्ट्रीय पक्ष'. समिती ती समिती.

एककलमी राजकारण म्हणतात ते हेच. एकच मागणी, तिच्याभोवती जमलेली माणसं, आणि बाकी सगळं मागाहून. याला नावं ठेवणारे पुष्कळ आहेत. पण सुरुवातीला त्यात केवढी ताकद असते ते आमच्या माणसांनी पाहिलेलं आहे. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात कोण नव्हतं? कॉम्रेड डांगे होते, प्रजासमाजवादी एस. एम. जोशी होते, आचार्य अत्रे, प्रबोधनकार, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, हिंदुत्व मानणारेही. एरवी एकमेकांच्या सभा उधळणारी माणसं एका व्यासपीठावर बसली, कारण प्रश्न एकच होता आणि उत्तर हो किंवा नाही एवढंच होतं. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात आणि मुंबईत काँग्रेसला या एका प्रश्नानं हादरवून सोडलं. तीन वर्षांत राज्य मिळालं.

आणि मिळाल्याबरोबर समिती विरघळली. हे मला फार दिवस खटकायचं. १ मे १९६० नंतर तिच्यातले पक्ष एकेक करून आपल्या वाटेनं गेले. १९६२ च्या निवडणुकीत २६४ पैकी २१५ जागा काँग्रेसला मिळाल्या. ज्या काँग्रेसला पाच वर्षांपूर्वी लोकांनी घरी बसवायला काढलं होतं, तिलाच. मग लोक बदलले का? मला वाटतं, लोक बदलले नाहीत, प्रश्न संपला. त्या मतदारानं समितीला आपलं सगळं राजकारण दिलं नव्हतंच. एका कामापुरतं मत उसनं दिलं होतं. काम झालं, मत परत घेतलं. शेतीमालाच्या भावाबद्दल, कारखान्याबद्दल, पाटपाण्याबद्दल त्याचं म्हणणं वेगळं होतं, आणि ते त्यानं वेगळ्या ठिकाणी मांडलं.

फक्त आमच्याकडे काम झालं नाही. मुंबईसह महाराष्ट्र झाला, 'बेळगाव, कारवार, निपाणीसह' ही घोषणा तेवढी आमच्या वाट्याला राहिली. मुंबईची समिती मोडली तेव्हा इकडची समिती तशीच उभी होती.

सेनापती बापटांनी या प्रश्नासाठी उपोषण केलं, तेव्हा १९६६ साली केंद्रानं महाजन आयोग नेमला. वर्षभरात अहवाल आला. निपाणी, खानापूर धरून २६४ गावं महाराष्ट्राला, दक्षिण सोलापूर, अक्कलकोट, जत भागातली २४७ गावं कर्नाटकाला, आणि बेळगाव शहर कर्नाटकातच. महाराष्ट्रानं तो नाकारला. त्याच आयोगानं केरळातलं कासरगोड कर्नाटकाला द्यावं असं म्हटलं होतं, आणि तेही झालं नाही. कासरगोडच्या कन्नड माणसांची आमच्यासारखीच एक समिती होती, 'कर्नाटक समिती'. साठच्या दशकात मंजेश्वरमधून तिचा आमदार केरळच्या विधानसभेत जात असे. आज त्या मतदारसंघात लढत होते ती मुस्लिम लीग आणि भाजप यांच्यात. कन्नड माणूस तिथं अजून आहे, त्याच्या शाळेचा आणि त्याच्या भाषेतल्या कागदाचा प्रश्नही अजून आहे. त्या माणसाचं दुःख माझ्याइतकं कोण समजू शकेल? बेळगावच्या कन्नड शेजाऱ्यांशी बोलताना मी हे नेहमी सांगते, आणि ते शांतपणे ऐकून घेतात.

आता मुख्य अडचण. बेळगावचा मराठी मतदार समितीला मत देतो तेव्हा तो आमदार जातो कुठं? बंगळूरला. कर्नाटकाच्या विधानसभेत. २२४ जणांत एक, दोन किंवा फार झालं तर चार-पाच. आणि त्याची मागणी काय, तर आम्हाला या राज्यातून जाऊ द्या. ती मागणी ती विधानसभा कधीतरी मान्य करील का? तिथला कुठलाही पक्ष, काँग्रेस असो, भाजप असो, जनता दल असो, ती जाहीरनाम्यात घेऊ शकत नाही. दुसऱ्या ठिकाणी एककलमी चळवळ उभी राहते तेव्हा एक वाट तिला नेहमी मोकळी असते: एखादा मोठा पक्ष तिचा प्रश्न आपलासा करतो. कधी मनापासून, कधी मतांसाठी, पण करतो. आमच्या प्रश्नाला ती वाट जन्मापासून बंद आहे. म्हणून आमचं मत सौद्याचं मत कधीच नव्हतं. ते हजेरीसारखं होतं. आम्ही अजून आहोत, अजून तेच म्हणतो आहोत, हे दर पाच वर्षांनी सहीनिशी नोंदवायचं.

या हजेरीची किंमत मी माझ्या गावात पाहिली आहे. समितीचा आमदार म्हणजे कायमचा विरोधी बाकावरचा. रस्ता डांबरी व्हायला वेळ लागतो, बस उशिरा सुरू होते, दवाखान्याची इमारत पुढच्या अर्थसंकल्पात जाते. पलीकडच्या गावात राष्ट्रीय पक्षाचा माणूस निवडून आला की चार महिन्यांत गटारं बांधून होतात. लोकांना हे कळत नव्हतं असं कुणी समजू नये. सगळं कळत होतं. कळूनही वर्षानुवर्षं ते समितीलाच मत देत राहिले. माझ्या गावातल्या ज्या बाया दोन-दोन किलोमीटरवरून पाणी आणत, त्यांनी नळाऐवजी भाषेला मत दिलं. याला मी आंधळेपणा म्हणू देणार नाही. पण एक पिढी हे करू शकते, दुसरीही करते. तिसऱ्या पिढीकडे तेच मागताना तिला काय देणार, याचा विचार मागणाऱ्यानं करायला हवा होता.

गोव्याचं उदाहरण आमच्या घरी कधी निघालं की अण्णा गप्प होतात. तिथंही महाराष्ट्रात विलीन व्हायचं या एका मुद्द्यावर महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष उभा राहिला आणि १९६३ साली पहिल्याच निवडणुकीत सत्तेवर आला. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले. मग १६ जानेवारी १९६७ ला सार्वमत झालं. संघप्रदेश राहावा म्हणणारी मतं १,७२,१९१, विलीनीकरणाची १,३८,१७०. चौतीस हजारांनी प्रश्नाचा निकाल लागला, आणि तो विरुद्ध लागला. एका मुद्द्यावर जगणारा पक्ष तिथंच संपायला हवा होता. पण दोनच महिन्यांनी निवडणूक झाली आणि लोकांनी पुन्हा मगोलाच निवडून दिलं, बांदोडकरच मुख्यमंत्री झाले. पुढची बारा वर्षं, आधी ते आणि त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर, राज्य त्यांच्याच पक्षाचं राहिलं.

हे कसं घडलं? मी यावर खूप विचार केला आहे. विलीनीकरण हा त्या पक्षाचा झेंडा होता, पण त्या झेंड्याखाली कूळ उभं होतं, जमीनदाराच्या जागेत घर करून राहणारा मुंडकार उभा होता, ज्याच्या पोराला गावात शाळाच नव्हती तो बाप उभा होता. पोर्तुगीज गेल्यावरही भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, दारात वाकून उभं राहावं लागणाऱ्या माणसाला 'महाराष्ट्र' या शब्दात आपली सुटका दिसत होती. बांदोडकरांच्या सरकारनं कूळकायदा केला, खेड्यापाड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या. सार्वमतात महाराष्ट्र हातचा गेला तरी शाळा राहिली, कसणाऱ्याच्या हातातली जमीन राहिली. लोकांनी त्यासाठी मत दिलं. आमच्याकडे नेमकं उलटं झालं. प्रश्न जिवंत राहिला आणि त्याच्याखालचा माणूस हळूहळू दुसरीकडे सरकला.

म्हणजे समितीनं काहीच केलं नाही असं नाही. १९८६ साली कन्नडसक्तीविरुद्ध ती रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, माणसं गेली. हिंडलग्याला त्यांचं स्मारक आहे, १ जूनला आम्ही तिथं जातो, जसे १७ जानेवारीला शहरातल्या हुतात्मा चौकात जातो. बेळगाव महानगरपालिका कैक वर्षं समितीच्या माणसांनी चालवली. महाराष्ट्रात जाण्याचा ठराव केला म्हणून २००५ मध्ये पालिका बरखास्त झाली आणि महापौरांच्या तोंडाला बंगळूरमध्ये काळं फासलं गेलं. एवढं सगळं सोसलेलं आहे. पण विणकराच्या मागाची वीज, बायपाससाठी जाणारी पिकाऊ जमीन, मराठी शाळेतून बाहेर पडलेल्या पोराची नोकरी या प्रश्नांवर समितीचं नाव आधी तोंडावर यावं, असं घडत गेलं नाही. ते प्रश्नही सीमाप्रश्नाचेच होते. सरकारी नोटीस कन्नडमध्ये आली, बापाला वाचता आली नाही, म्हणून हरकतीची मुदत टळून गेली, यापेक्षा मोठा सीमाप्रश्न कुठला?

१९९६ कडे परत येते. त्याच निवडणुकीत आंध्रातल्या नलगोंडामध्ये ४८० उमेदवार उभे होते. तिथल्या पाण्यात फ्लोराइड, माणसांची हाडं वाकलेली, पोरं विशीतच म्हातारी दिसणारी. त्यांनीही तोच मार्ग शोधला. एकमेकांना न विचारता दोन जिल्ह्यांतल्या माणसांना तीच गोष्ट सुचली: ऐकत नाही ना कोणी, मग मतपत्रिकाच भरून टाकू. २०१९ ला निजामाबादच्या हळद उत्पादकांनी पुन्हा ते केलं. एकूण १८५ उमेदवार, त्यांत पावणेदोनशेच्या वर शेतकरी. त्यांची मागणी हळद मंडळाची. भाजपच्या उमेदवारानं बाँडपेपरवर लिहून दिलं, की मंडळ आणतो. तेलंगणाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांची मुलगी त्या निवडणुकीत पडली. मंडळ यायला वेळ लागला, पण २०२५ च्या संक्रांतीला त्याचं उद्घाटन झालं. मी ती बातमी वाचली आणि आधी आनंद झाला, मग पोटात कालवलं. त्यांचा प्रश्न कुणाला तरी बाँडपेपरवर लिहून देता येण्यासारखा होता.

आमच्या ४५६ जणांना मिळालं ते असं: त्या निवडणुकीनंतर कायदा बदलला आणि लोकसभेची अनामत पाचशेवरून दहा हजार झाली. अपक्षाला सूचक जास्त लागू लागले. कायदा करणाऱ्यांच्या बाजूनं पाहिलं तर ते बरोबर असेल, एवढ्या नावांची निवडणूक घेणं सोपं नाही. पण पेपरात ते वाचून अण्णा म्हणाले, "म्हणजे आता आमच्यासारख्यानं नुसतं उभं पण राहायचं न्हाई." त्या दिवशी त्यांनी ती पावती पिशवीत घालून ट्रंकेत ठेवली.

पुढच्या गोष्टी भराभर घडल्या. २००४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. आम्ही पेढे वाटले होते. आज वाटतं, त्या दाव्यानं प्रश्नाला बळ दिलं आणि समितीचं बळ काढून घेतलं. प्रश्न न्यायालयात गेला की मतदारानं करायचं काय? कुठल्याही सभेत कुणी उठून विचारलं की उत्तर तयार: 'खटला न्यायप्रविष्ट आहे.' वीस वर्षं आम्ही तारखा मोजतो आहोत. २००८ ला मतदारसंघांची फेररचना झाली. उचगाव हा मतदारसंघच नकाशावरून गेला आणि मराठी गावं तीन ठिकाणी वाटली गेली. जो प्रश्न एका पट्ट्यात राहणाऱ्या माणसांचा असतो, त्याला मतदारसंघाची रेघ एखाद्या वर्मी बसलेल्या घावासारखी लागते. मतं तेवढीच, पण कुठंच पुरेशी नाहीत. तरी २०१३ ला दोन आमदार आले, बेळगाव दक्षिणमधून एक, खानापूरमधून एक.

मग २०१८. मी लग्नानंतर शहरात, दक्षिण मतदारसंघात आले होते. निवडणुकीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या दारात दोन पत्रकं येऊन पडली. दोन्हींवर शिवाजी महाराज, दोन्हींवर तीच घोषणा, दोन्ही समितीच्या नावानं, आणि उमेदवार दोन. समिती नोंदलेला पक्ष नाही, तिचे उमेदवार अपक्ष म्हणून उभे राहतात, चिन्हंही दर वेळी वेगळी. एकी असेपर्यंत याचा कधी त्रास झाला नाही. फूट पडली तेव्हा खरं कोण आणि बंडखोर कोण हे सांगायला काहीच उरलं नाही. मी ती दोन पत्रकं स्वयंपाकघरातल्या ओट्यावर शेजारी शेजारी ठेवली आणि बराच वेळ बघत उभी राहिले. मला रडू आलं, हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

मतदानाच्या दिवशी मी तिसऱ्याच कुणालातरी मत दिलं. आयुष्यात पहिल्यांदा. कुणाला ते महत्त्वाचं नाही. आमच्या गल्लीत उन्हाळ्यात आठ-आठ दिवसांनी पाणी यायचं आणि त्या माणसानं पाण्याचं काहीतरी बोललेलं होतं. संध्याकाळी अण्णांना फोन केला आणि सांगून टाकलं. वाटलं, चिडतील. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "समितीनं आमच्याकडं एकच मागितलं होतं, एकीनं ऱ्हावा म्हणून. आम्ही ऱ्हायलो. तू वाईट वाटून घेऊ नको." त्या वर्षी समितीचा एकही आमदार आला नाही. २०२३ लाही नाही. २०२१ च्या महापालिकेत पक्षचिन्हांवर निवडणूक झाली आणि ५८ पैकी ३५ जागा भाजपनं घेतल्या.

यावरून मोठमोठ्या वर्तमानपत्रांनी लिहिलं, की सीमाप्रश्न संपला, मराठी माणसानं विकास निवडला. हे वाचून माझा जीव तुटतो. त्याच २०२१ मध्ये, महापालिकेच्या काही महिने आधी, लोकसभेची पोटनिवडणूक झाली होती. समितीनं एका तरुण मुलाला उभं केलं. पैसा नाही, जिंकण्याची शक्यता नाही. त्याला १ लाख १७ हजारांवर मतं पडली. भाजप जिंकला तो सव्वापाच हजारांनी. म्हणजे ज्या माणसांनी त्या मुलाला मत दिलं, त्यांतल्याच कित्येकांनी चार महिन्यांनी वॉर्डात कमळाचं किंवा हाताचं बटण दाबलं असणार. त्यांना मी दलबदलू म्हणू का? एकाच माणसाच्या पोटात अनेक प्रश्न असतात. कुठल्या मतपेटीपुढे कुठला प्रश्न काढायचा हे तो ठरवतो, आणि बहुतेक वेळा बरोबर ठरवतो.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. डिसेंबर २०२२ मध्ये पुन्हा तणाव झाला, गाड्यांवर दगड पडले, दिल्लीत दोन्ही मुख्यमंत्र्यांची बैठक झाली. २७ डिसेंबरला महाराष्ट्र विधिमंडळानं ८६५ गावांचा ठराव एकमतानं केला. एकमतानं! आमच्या गावात लोकांनी तो टीव्हीवर पाहिला, अण्णांनी उठून हात जोडले. चार-पाच महिन्यांनी कर्नाटकाची निवडणूक लागली आणि त्या ठरावाला हात वर करणाऱ्या पक्षांचे पुढारी आमच्याकडे प्रचाराला आले, समितीच्या विरोधात उभ्या असलेल्या आपापल्या राष्ट्रीय पक्षाच्या उमेदवारांसाठी. मुंबईत प्रश्न आणि बेळगावात पक्ष. मतदारानं दोन मतपेट्यांत दोन प्रश्न काढले तर ते त्याचं जगणं आहे. ज्याच्या हातात ठराव करण्याची सत्ता आहे त्यानं तसं करावं, याला माझ्याकडे क्षमा नाही.

त्याच दिवसांत जतच्या सीमेवरच्या गावांचं प्रकरण गाजलं. आम्हाला कर्नाटकात जाऊ द्या असं तिथल्या गावांनी मागं म्हटलं होतं, ते कर्नाटकाच्या मुख्यमंत्र्यांनी उकरून काढलं. तिथं प्रश्न भाषेचा नव्हताच, पाण्याचा होता. बोंब झाल्याबरोबर म्हैसाळ योजनेच्या विस्ताराच्या हालचालींना वेग आला. जतच्या माणसाला राज्याची सीमा ही पाणी मिळवायची एक घोषणा होती. आम्हालाही कुणी तसं समजून घेईल, असं वाटायचं.

आता माझ्या भाच्याबद्दल सांगते, कारण हा लेख लिहायला मी त्याच्यामुळे बसले. माझ्या भावाचा मुलगा, गावातच अण्णांजवळ राहतो. शाळेत कन्नड शिकला, सफाईनं बोलतो, त्याचे मित्र दोन्ही भाषांतले. २०२३ ला तो एका राष्ट्रीय पक्षाचं उपरणं गळ्यात घालून गावभर फिरत होता. घरात धुसफूस झाली. अण्णा दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. त्याचं म्हणणं होतं, "आजोबा, तुमचा आमदार असताना आमच्या शिवाराचा रस्ता झाला न्हाई. आता होईल." आणि रस्ता झाला, हे खरं आहे.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मी काळ्या दिनाच्या फेरीला गेले होते. चन्नम्मा चौकात राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे, आणि इकडे संभाजी उद्यानापाशी आम्ही, काळ्या साड्या, काळे शर्ट, सायकली, मूक फेरी. गर्दीत मागून कुणीतरी "आत्या" अशी हाक मारली. बघते तर हा, काळा शर्ट घालून, गावातली दहा-बारा पोरं घेऊन आलेला. त्यांतली निम्मी मे महिन्यात त्याच्याबरोबर प्रचारात होती. मी काहीच विचारलं नाही. तोच म्हणाला, "ते येगळं आत्या, हे येगळं."

गेल्या पावसाळ्यात त्यानं नवीनच काम काढलंय. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्क्यांच्या वर आहेत, तिथं महत्त्वाच्या सूचना आणि परिपत्रकं त्यांच्या भाषेतही मिळायला हवीत, असा नियम आहे. आमच्या गावात मराठी माणूस पंधरा टक्के कुठला, जवळजवळ सगळंच गाव मराठी. तो आठवड्याला एक अर्ज लिहितो. उतारा मराठीतून द्या. पाणीपट्टीची नोटीस मराठीतून द्या. ग्रामसभेची सूचना मराठीतून लावा. कुणाचा पक्ष काढत नाही, सह्या सगळ्यांच्या घेतो, समितीवाल्यांच्या, कमळवाल्यांच्या, हातवाल्यांच्याही. गावातल्या दोन कन्नड घरांनीही सही केली, हे त्यानं मला मुद्दाम फोन करून सांगितलं.

दिवाळीला मी माहेरी गेले तेव्हा एका अर्जाचं उत्तर आलं होतं. उत्तर कन्नडमध्ये होतं. अण्णा पडवीत आरामखुर्चीत बसले होते, वय अठ्ठ्याहत्तर, चष्मा कपाळावर सरकवलेला. भाच्यानं तो कागद त्यांच्यापुढे धरला आणि एकेक ओळ मराठी करून वाचून दाखवू लागला. 'आपला अर्ज मिळाला. तो पुढील कार्यवाहीसाठी पाठवण्यात आला आहे.' अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "तारीख कितीची आहे बघ." त्यानं सांगितली. "नंबर घातलाय काय?" घातला होता. अण्णा उठले, माळ्यावरची ट्रंक खाली काढायला सांगितली, पिशवीतली पाचशे रुपयांची पावती बाहेर काढली, तिच्यावर तो कागद ठेवला, दोन्ही एकत्र दुमडले आणि पुन्हा पिशवीत घातले.